मिश्रण पातळ नव्हतं, डॉक्टरसाहेब

तेरवी झाली, डॉक्टरसाहेब. बुंदी-पुरीचं जेवण झालं, मंडप उतरला, पाहुणे दुर्ग स्टेशनवरून आपापल्या गाडीला लागले. आता मी बोलते. तेरा दिवस तोंडावर बोट ठेवून बसले, कारण घरीदारी सगळ्यांनी हेच सांगितलं, की गेलेल्या माणसाला बोल लावू नये. नाही लावला. पण गेलेल्या माणसानं जिवंत बाईच्या डोक्यावर फोडलेलं खापर तसंच टाकून निघून जावं का, हे मला कोणी सांगितलं नाही.

शनिवारी दवाखाना बंद करताना तुम्ही म्हणालात, "रेखा, सोमवारी अकराले सर्जरी हाय, ट्रे लावून ठेवजो." सोमवारी साडेदहाला मी ट्रे लावला. आरसा, पात्याचा दांडा, टाक्यांचा दोरा, सगळं तुमच्या उजव्या हाताच्या अंदाजानं. वर हिरवं कापड टाकलं. पेशंट येऊन बसला आणि फोन वाजला. पहाटे तुमच्या छातीत कळ आली होती आणि तासाभरात सगळं आटोपलं होतं. घरच्यांच्या ध्यानातच आलं नाही, की नेहरू नगरात एक बाई कापड टाकून तुमची वाट पाहून राहिली आहे. तो ट्रे मी न वापरताच धुतला. धुताना रडले, ते खोटं नाही. पण रडतानासुद्धा डोक्यात एकच होतं, की आता हा माणूस ते वाक्य कधीच बोलणार नाही. छोटंसं वाक्य होतं. "मिश्रण पातळ नव्हतं, रेखा. चूक माझी होती." एवढंच.

मराठी मंडळाच्या लोकांनी मला सांगितलं, की बाई, तुम्ही एवढी वर्षं सोबत काम केलं, साहेबांवर दोन शब्द लिहून द्या, आपल्या अंकात लावू. दोन शब्द! त्यांना वाटलं असेल, साहेब देवमाणूस होते, गरिबांचे दात फुकट काढून द्यायचे, असं काहीतरी येईल. ते दुसरे लिहितील. मी जे पाहिलं ते लिहिते. लावायचं तर लावा, नाहीतर फाडून टाका.

मी तुमच्याकडे लागले ती पेशंटचे नंबर लिहायला. आमचे हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, राहायला सेक्टर 10 चं क्वार्टर, पोरगी शाळेत जायला लागलेली. मी सायकलनं नेहरू नगरात यायचे. तुमचे बाबाही प्लांटमध्येच राजमिस्त्री होते आणि आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे, म्हणून तुम्ही मला कामावर घेताना शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं. महिन्याभरानं तुमचा जुना माणूस सोडून गेला आणि तुम्ही माझ्या हातांकडे पाहून म्हणालात, "भाकर थापतेस ना? मंग हे बी जमन." काचेची पट्टी समोर ठेवलीत आणि मिसळायला शिकवलंत. त्या दिवसापासून सव्वीस वर्षं तुमच्या दवाखान्यातलं जवळजवळ प्रत्येक मिश्रण या दोन हातांनी केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांना ऑपरेशन समजावून सांगते, कारण भांडण त्यावरच आहे. दाताच्या मुळाशी पू झाला आणि रूट कॅनाल करूनही थांबला नाही, तर शेवटचा उपाय म्हणून हिरडी उघडतात. हाडात छोटी खिडकी करतात, मुळाचा शेंडा तीनेक मिलिमीटर कापतात, आणि त्या कापलेल्या टोकाला उलटीकडून बूच लावतात. बूच पक्कं बसलं की फोटोतला काळा डाग भरून येतो, म्हणजे हाड धरतं. बूच गळकं राहिलं तर सहा महिन्यांत गाल पुन्हा सुजलेला. सगळा खेळ तांदळाच्या कणीएवढ्या जागेचा.

आणि ते बूच कशाचं लावायचं, या एका प्रश्नानं तुम्हाला झपाटलं होतं. लोकांची कपाटं साड्यांनी भरतात, तुमचं एक्स-रेच्या पाकिटांनी भरलं होतं. प्रत्येक पाकिटावर बुचाच्या मसाल्याचं नाव. ऑपरेशनच्या दिवशीचा फोटो, सहा महिन्यांचा, वर्षाचा, जमलं तर चार वर्षांचा. पेशंट आला नाही तर तुम्ही मला पाठवायचे. कॅम्पमध्ये, पॉवर हाउसच्या मागे, एकदा तर पार राजनांदगावला मी एका म्हाताऱ्या दाईला, म्हणजे आजीबाईला, घ्यायला गेले होते. "दाई, दात दुखते का?" म्हटलं तर म्हणाली, "नइ पिरावय बेटी, फेर काबर आवंव?" दुखत नाही, मग कशाला येऊ? खरं तर तिचं बरोबर होतं. पण साहेबांना फोटो पाहिजे होता, म्हणून तिला समजावून गाडीत बसवून आणलं.

तुमच्याकडे पाकिटं होती, माझ्याकडे बोटं होती. तुम्ही फोटो पाहून सांगायचे, मी हातानं सांगायचे. सुरुवातीला चांदी होती, म्हणजे अमलगम. खलात घोटायची, कापडात पिळायची, करकर वाजली की झाली. बसायची पक्की, पण कण हाडात उडायचे आणि पुढे हिरडीवर निळा-काळा ठिपका राहायचा, गोंदल्यासारखा. मग लवंगाच्या तेलाचा मसाला आला. दिवसभर हाताला वास आणि घरी पोरगी म्हणायची, आई, तू मसालेभात झालीस. तो चिकट, मनासारखी लोळी वळता येणारा, पण काही वर्षांत झिजायचा. मग काचेच्या भुकटीचा, ग्लास आयोनोमर. त्याला थेंबभर रक्त लागलं की बिघडला. हाडाच्या खिडकीत रक्त नाही असं कधी होतं का? तुम्ही घामाघूम व्हायचे आणि मी बोळे देऊन देऊन थकायचे.

आणि मग एमटीए आलं.

रायपूरहून आलेला कंपनीचा माणूस तुमच्या समोर बसून हिंदीत सांगत होता, की साहब, हे सिमेंटच्याच जातीचं आहे, याला ओल लागते, ओलीत हे घट्ट होतं. बाकी सगळे मसाले रक्ताला भितात, हा ओल मागतो. तुमचा चेहरा मी पाहत होते. लहान पोराला जत्रेत सोडल्यासारखा. तो गेल्यावर तुम्ही टेबलावर थाप मारून म्हणालात, "रेखा, हे तर आपल्या बाबाचं काम! सिमेंट हाय ना? मंग तराई पायजे."

तराई म्हणजे सिमेंट पक्कं व्हावं म्हणून त्यावर पाणी मारत राहणं. इथंच घात झाला. तुमच्या घराचा स्लॅब पडला होता तेव्हा सत्तरीचे बाबा सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभे राहायचे, ते मीही पाहिलं आहे. मजुरावर सोडलं नाही. "तराई चुकली का घर गेलं," म्हणायचे. तेच तुमच्या रक्तात. राजमिस्त्र्याचं पोरगं दुसरं काय करणार? बूच बसवलं, दाबलं, की हात पुढे. "रेखा, सलाइन." आख्खी सिरिंज त्या खिडकीत रिकामी. "तराई होऊन राहिली," म्हणायचे आणि खुशीत हसायचे.

एमटीए माझ्या हातानं कसं व्हायचं, तेही लिहिते. तीन वाटे भुकटी, एक वाटा पाणी. ओल्या वाळूसारखं. जास्तीचं पाणी मी कोरड्या कापडाच्या घडीनं टिपून घ्यायचे. पट्टी उभी केली तरी गोळी घसरायची नाही. आणि ते घट्ट व्हायला मिनिटं नाही, तास लागतात, हे त्याच कंपनीवाल्यानं सांगितलं होतं. तुम्ही "ओल लागते" एवढंच ऐकलं. बाकीचं मी ऐकलं.

पहिल्याच केसला मी बोलले होते. शब्द न शब्द आठवतो. तोंडातलं रक्त-पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी माझ्या हातात होती. "साहेब, नळीत राखाडी पाणी येऊन राहिलं. भुकटी वाहून चालली."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तराई हाय ते. बाबा पाइप लावत होते तवा काय स्लॅब वाहून गेला?"

"बाबा दुसऱ्या दिवशी पाणी मारत होते, साहेब. ओतल्या ओतल्या नाई."

"तू मिक्सिंग पाह्य."

पाहिलं, बापा. मिक्सिंगच पाहिलं.

एमटीए महाग, म्हणून दोन-तीन वर्षांत चारच केस झाल्या, त्या चारही तुम्ही तशा केल्या. त्यातली तिसरी माझी नणंद, शोभा. पद्मनाभपुरात राहते, नवरा रेल्वेत. वरचा पुढचा दात, रूट कॅनाल होऊन वर्ष झालेलं, तरी हिरडीवर फोड यायचा. ती घाबरत होती. मीच म्हटलं, "चाल, आमचे साहेब हायेत, मी सोता बाजूले राहीन." राहिले. मिश्रण केलं, नळी धरली, तिचा हातही धरला. तुम्ही सिरिंज मागितली, मी दिली. नळीत राखाडी पाणी आलं. या खेपेला मी बोलले नाही, आणि त्याचा राग मला तुमच्याइतकाच माझ्यावर आहे.

टाके घातल्यावरच्या फोटोत मुळाच्या टोकाशी पांढरी टोपी दिसायला पाहिजे होती. दिसली पुसट, अर्धवट. सात महिन्यांनी शोभाचा गाल सुजला. दात हलायला लागला आणि काढावाच लागला. वय काय तिचं, पस्तीस. ती खुर्चीत तोंडाला कापूस लावून बसलेली, मी तिच्या पायाशी उभी. तुम्ही दोन्ही फोटो उजेडाच्या डब्यावर लावले, टोपीवर पेन ठेवलं आणि म्हणालात, "हे पाहा ताई, मिश्रण पातळ झालं होतं. रेखाच्या हातून. होते असं कधी."

होते असं कधी! किती सहज म्हणालात. जणू चहात साखर कमी पडली. मी काय बोलणार होते, तुमच्यासमोर, पेशंटसमोर, आणि पेशंट माझीच नणंद? मी ट्रे उचलला आणि आत गेले.

घरी काय झालं ते तुम्हाला कधी कळलं नाही. हळदीला, बारशाला, पोळ्याला, चार बायका जमल्या की सुरू. "वहिनीच्या हातचं वरण घट्ट अन् सिमेंट पातळ!" सगळ्या हसायच्या. शोभा स्वतः सगळ्यात जास्त हसायची, ओठावर पदर धरून, कारण तिथं आता नकली दात होता. जावेचा पोरगा मोठा झाला, तो हिंदीत म्हणायला लागला, "काकी, नाश्ता आप बनाओ, मकान तो ठेकेदार ही बनाएगा." मीही हसायचे. न हसून काय करता? रागावलं तर म्हणतात, बाई मनाला लावून घेते. पण मायबाई, त्या हसण्यानं मला पोखरलं. मलाच वाटायला लागलं, की खरंच पातळ झालं असेल का? घरी काचेच्या तुकड्यावर खायचा चुना घेऊन मी मिसळून पाहायचे, तुकडा उभा करून पाहायचे, घसरते का. आमचे हे म्हणायचे, "पान खाऊन राहिली का परीक्षा देऊन राहिली?" दोन्ही नाही. माझा माझ्याच हातावरचा भरवसा गेला होता, आणि तो घालवणारे तुम्ही होतात.

मग माझाच दात गेला तुमच्या हातात. हायवेजवळ स्कूटी घसरली, पुढचा दात आपटला, मेला, पुढचं सगळं रामायण झालं आणि शेवटी ऑपरेशनवर आलं. सोमवार ते शनिवार पेशंट, म्हणून रविवारी करायचं ठरलं. दवाखान्यात तुम्ही आणि मी, तिसरं कोणी नाही. तुमच्या सौभाग्यवती बाहेर बसल्या होत्या, रक्त पाहिलं की त्यांना चक्कर येते. मी माझं मिश्रण मीच केलं, झाकलं, आणि खुर्चीवर आडवी झाले. हिरडी बधिर, तोंड उघडं, आणि सक्शनची नळी माझ्याच हातात! स्वतःच्या तोंडातलं रक्त स्वतः ओढून घेणारी असिस्टंट या भिलाईत दुसरी नसेल. तुम्ही मध्येच म्हणालात, "डावीकडं घे," आणि मी घेतली. एवढं हसू आलं, पण हसता येईना.

बूच बसलं. तुमचा हात सवयीनं पुढे आला. "रेखा, सलाइन." सलाइन द्यायला रेखा होती कुठे, ती तर खुर्चीत पडलेली! सिरिंज मागच्या ट्रॉलीवर, तुमचे हात रक्तानं भरलेले. "राहू दे," म्हणालात आणि टाके घातले.

वर्षानं फोटो काढला. तो उजेडाच्या डब्यावर लावला तेव्हा मी तुमच्या मागे उभी होते. फोटो वाचायला तुम्हीच शिकवलं होतं, काळं म्हणजे पोकळ आणि करडं म्हणजे हाड. माझ्या मुळाच्या टोकाशी स्वच्छ पांढरी टोपी आणि भोवती भरगच्च हाड. तुम्ही उठलात, कपाटातून शोभाचं पाकीट काढलंत आणि तिचा फोटो शेजारी लावलात. किती वेळ पाहत राहिलात. बाहेर दोन पेशंट खोळंबले होते. मी विचारलं, "साहेब, मिश्रण तर दोन्हीकडं माह्यंच ना?"

तुम्ही फोटो काढून पाकिटात ठेवलात आणि म्हणालात, "हाड चांगलं हाय तुह्यं."

हाड! नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथं तर नाच जमला तेव्हाही शाबासकी अंगणालाच! माझ्या हाताला नाही, तुमच्या न मारलेल्या पाण्याला नाही, हाडाला. त्या हाडाचं मी काय केलं होतं, सांगा? आईनं दिलं तेवढंच.

पण तुम्हाला कळलं होतं. पुढच्याच सर्जरीला मी सवयीनं सिरिंज पुढे केली. तुम्ही ती कोपरानं बाजूला सारली. "नको. ओल्या बोळ्यानं टिपून घेऊ." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पेशंटच्या तोंडात पाहत होता. त्या दिवसानंतर एमटीएवर तुम्ही कधी पाणी मारलं नाही. हाडाचा भुगा, मोकळं रक्त, जे धुवायचं ते बूच लावायच्या अगोदर. आणि फोटो पाहा कसे आले! पाकिटामागून पाकीट, भरलेलं हाड. एमटीएचा खण चांदीच्या खणापेक्षा जाड झाला. तुम्ही फुलून जायचे, मीही. खोटं कशाला बोलू, ती आपली चांगली वर्षं होती. सर्जरी संपली की तुम्ही हातमोजे काढून म्हणायचे, "चहा सांग, दोन," आणि मला स्टुलावर बसायला लावायचे. एकदा चहावाल्यानं कंपनीच्या माणसाला आत कपबशीत चहा दिला आणि मला बाहेर प्लास्टिकच्या ग्लासात. तुम्ही त्याच्यादेखत माझा चहा आत मागवलात, कपबशीत. एकदा एक मोठा ठेकेदार म्हणाला, "ये बाई मुँह में हाथ नहीं डालेगी." तुम्ही सुई खाली ठेवलीत. "तो फिर मैं भी नहीं डालूँगा." गेला तो उठून, जाऊ दिलात.

म्हणून तर जास्त राग येतो. परक्यानं माझ्या हाताला नाव ठेवलं तर तुम्हाला सहन होत नव्हतं. मग तुम्ही स्वतः ठेवलेलं नाव काढायला तुमची जीभ का जड झाली?

आणि वर ते भाषण! शहरातल्या दातांच्या डॉक्टरांची बैठक होती, तुम्हाला तुमची पाकिटं दाखवायला बोलावलं होतं. चांदी, लवंगवालं, काचवालं, एमटीए, चारही समोरासमोर. मला म्हणालात, "तूही ये, चांगली साडी नेसून ये." आले. पहिल्या रांगेत बसवलंत. सुरुवातीलाच म्हणालात, "ये रेखा जी हैं, मेरा तीसरा हाथ." टाळ्या वाजल्या. माझं काळीज सुपाएवढं झालं. आमच्या घरच्यांपैकी कोणी असायला पाहिजे होतं, असं वाटलं. पंधरा मिनिटांनी एमटीएचे पहिले चार फोटो पडद्यावर आले, त्यात शोभाचा. आणि तुम्ही म्हणालात, "शुरू में मिक्सिंग ठीक नहीं हो रही थी. बाद में हाथ बैठ गया."

सगळ्या सभेनं तिसऱ्या हाताकडे पाहिलं. काही जण मायेनं हसले. जमिनीनं पोटात घ्यावं, असं म्हणतात ना, ते मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला नाही, आधी तुमच्यासमोर उभी राहिले. "साहेब, हात कोनाचा बसला?"

"अवं, तुह्यं नाव कुठं घेतलं मी?"

"पयले नाव घेतलं, मंग हात दाखवला. पानी कोन मारत होतं?"

"तेवढ्या लोकांत उठून सांगू का, का मले तराईच समजली नाई? मी मिस्त्र्याचा पोरगा. लोकं काय म्हनतीन?"

"अन् माह्ये लोकं मले काय म्हनतेत? वीस बायकांत? ते कोन ऐकन?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. मग म्हणालात, "बोलतो मी. येळ येऊ दे." मी दवाखाना उघडला. तुमचा शब्द होता, धरून बसले. तुम्ही खोटं बोलणारे नव्हते, हेही खरं. उशीर करणारे होते.

वेळ आली नाही. एमटीएही मागे पडलं. आता नवं आलंय ते पुट्टीसारखं, सिरिंजमध्ये तयार. काच नको, पट्टी नको, तीनास एक नको. टोपण काढा आणि लावा. पाण्यानंही फारसं वाहत नाही. तुम्ही खूश झालात. "रेखा, आता तुह्ये हात मोकळे!" तुम्ही गमतीनं म्हणालात, मी पट्ट्या धुऊन कपाटात ठेवल्या. मोकळे झाले हो, पण बरोबर होते हे दाखवायची सोयही गेली. ज्या कामात बदनाम झाले ते कामच उरलं नाही.

काल शोभा आली होती क्वार्टरवर. तेरवीला तिला येता आलं नव्हतं, सासरे आजारी आहेत. बसली, पाणी प्याली, तुमची आठवण काढली. मग सरळ विचारलं, "वहिनी, डॉक्टरसाहेब तुमच्याशी बोलले होते ना?"

"कायचं?"

"माह्या दाताचं."

तिला वाटलं मी विसरले. मग तिनं सांगितलं. चार वर्षं झाली, तुम्ही एकटेच पद्मनाभपुरात तिच्या घरी गेला होतात. दाराशी चपला काढल्यात, खुर्चीत बसलात आणि तिनं चहा ठेवते म्हटलं तर म्हणालात, "पयले आयका, ताई. मंग चहा द्यावासा वाटला तं द्या." आणि हात जोडलेत. "तुमचा दात माह्या चुकीनं गेला. पानी मी मारलं. मिश्रण पक्कं होतं. रेखानं मले थांबवलं होतं, मी आयकलं नाई."

माझे शब्द तुम्हाला आठवत होते, साहेब! मला वाटायचं तुम्ही ऐकलेच नाहीत.

"मले लई रडू आलं," शोभा म्हणाली. "दातासाठी नाई. तुमाले किती बोललो आमी, त्याच्यासाठी. मी म्हनलं, आत्ताच वहिनीले फोन करतो. तं म्हने, नाई ताई, तिले मी सोता सांगन. तेवढं माह्यावर सोडा. तवापासून मी एक दिवस तरी थट्टा केली का? आठवा."

आठवलं. खरंच केली नव्हती. मला वाटलं, वय झालं, कंटाळली.

"मले वाटलं सांगतलं असन," ती म्हणाली. "रोज तं सोबत राहता तुमी."

रोजच होतो, साहेब. चार वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, ट्रेच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला तुम्ही, मध्ये दीड हात अंतर. पद्मनाभपुरापर्यंत गाडी नेता आली. परक्या घरी चपला काढून हात जोडता आले. आणि मला? रोज दोन चहा सांगितले, पोरीची चौकशी केली, पाठ दुखते का विचारलं, आणि एवढं एक वाक्य दीड हातावर पोचवता आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, ही तर घरचीच आहे, हिला कधीही सांगता येईल.

दात तिचा गेला होता, तिची माफी मागितली, बरं केलं. पण नाव माह्यं गेलं होतं, साहेब. मले कावून नाई सांगतलं?